भगदाडाची मोजणी

“साहेब, या नकाशातली पंधरा मिनिटं तुम्ही स्वतः कधी चालून पाहिली आहेत का?”

भरल्या सभागृहात, हातात माइक धरून, एकदाही न अडखळता खारूने हा प्रश्न विचारला आणि विचारून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पैज फक्त प्रश्नापुरती होती. उत्तर येईपर्यंत चेहरा कसा ठेवायचा, माइक कुणाकडे द्यायचा, बसायचं की उभंच राहायचं, यातलं काहीच मैत्रिणींनी ठरवून दिलं नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. ‘तू विचार तर खरं, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत,’ असं शपथेवर सांगणाऱ्या दोघी, म्हणजे वर्गात कंपास आणि वकीलबाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मैत्रिणी, खरोखरच तिच्या पाठीशी होत्या. अगदी शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड.

निमित्त होतं उपनगराच्या नव्या विकास आराखड्याचं. नगररचना कार्यालयाने घरोघरी एक गुळगुळीत पुस्तिका वाटली होती. मुखपृष्ठावर एक कुटुंब हसत हसत चालत होतं. चालताना कुणी इतकं हसत नाही, आणि या उपनगरात तर मुळात कुणी चालतच नाही, पण ते असो. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘घर, शाळा, बाजार, बाग. सगळं पंधरा मिनिटांत, पायी.’ खारूने आतला नकाशा उघडला आणि बोट ठेवून आपलं घर शोधलं, मग शाळा शोधली. दोन्हींच्या मधोमध तिच्या कॉलनीची मागची भिंत एका सरळ रेषेत, कुठेही न तुटता, काढलेली होती. तिथेच सगळं बिनसलं.

कारण त्या भिंतीला भगदाड होतं. फार वर्षांपूर्वी पाण्याची पाइपलाइन टाकायला कुणीतरी भिंत फोडली, पाइप टाकला, आणि भगदाड बुजवायला उद्या येतो म्हणून जो गेला तो गेलाच. त्या भगदाडातून पलीकडे गेलं की एक रिकामा जमिनीचा पट्टा, आणि पट्ट्याच्या टोकाला शाळेचं मागचं फाटक. घरातून वर्गात सहा मिनिटं. रस्त्याने जायचं तर मुख्य चौक, दोन सिग्नल, उड्डाणपुलाच्या खालून मोठा वळसा, असे तीन किलोमीटर आणि वर दोनशे मीटर.

आता खारूबद्दल. खारूताईसारखी चाहूल लागताच कपाटामागे पळायची म्हणून घरच्यांनी लहानपणी ठेवलेलं हे नाव. आठवीपर्यंत हजेरीला ती नुसता हात वर करायची, आणि तोही कोपरापर्यंतच. नववीत मात्र तिला एकदम कंठ फुटला. आई याचं श्रेय व्हिटॅमिनच्या गोळ्यांना देत होती, बाबा आपल्या घराण्याला. खारूला खरं कारण ठाऊक होतं. यंदापासून तिला शाळेत एकटीने चालत जायची परवानगी मिळाली होती. दिवसातून दोनदा सहा-सहा मिनिटं तिच्या आजूबाजूला ‘हळू चाल’, ‘दप्तर नीट धर’ म्हणणारं कुणी नसायचं. मग ती स्वतःशीच मोठ्याने बोलायची. आधी पाढे, मग भूगोल, मग वर्गशिक्षिकांना द्यायला हवी होती ती उत्तरं. बोलायची सवय एकदा लागली की सुटत नाही, आणि एखाद्या दिवशी हातात माइक येतो.

तर ते नगररचनाकार साहेब. उंच, किडकिडीत, आणि तासभर लोकांचं ओरडणं ऐकून मान एका बाजूला कललेली. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, “नाही. कधीच नाही.”

आजवर त्या व्यासपीठावरून कुणी अधिकारी तीन शब्दांत उत्तर देऊन मोकळा झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मग त्यांनी खारूला भगदाडाविषयी सगळं नीट विचारून घेतलं आणि सांगितलं की नियमात एक तरतूद आहे. लेखी सूचना द्यायची. मग एका ठरल्या दिवशी सकाळी सात ते नऊ कार्यालयाचा माणूस येऊन मोजणी करील. दीडशे लोक चालत जाताना दिसले तर ती जागा नकाशात ‘पादचारी मार्ग’ म्हणून दाखवता येते. नाही दिसले तर भिंत, नकाशात आहे तशी, सरळ.

घरी येईपर्यंत खारू जमिनीवर नव्हतीच. घरी आल्यावर आली. आईने फ्रिजच्या दारावर चुंबकाने एक कागद लावून ठेवला होता: हमरस्त्याजवळच्या नव्या शाळेचा प्रवेश अर्ज. आईचं म्हणणं अगदी सरळ होतं. ती चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची, त्यामुळे तिला सगळं सरळच दिसायचं. भगदाड महिनाअखेर बुजवणार, असं सोसायटीच्या फलकावर लागलंय. भगदाड बंद झालं तर रोज वळसा घालून सोडायला-आणायला दोघांपैकी कुणालाही जमणार नाही. नव्या शाळेची बस दारात येते, आणि तिथे पोहण्याचा तलावही आहे.

“आणि कंपास? वकीलबाई?” खारूने विचारलं.

“त्यांच्याकडे फोन आहे ना,” आई म्हणाली. वाईट म्हणून नाही म्हणाली, पण प्रश्न फोनचा नव्हता. आवाज फुटून जेमतेम सात महिने झाले होते. तो नव्या शाळेत, नव्या वर्गात, नव्या लोकांसमोर तिच्याबरोबर येईलच याची तिला मुळीच खात्री नव्हती. तिथेही कपाटं असणारच.

तेव्हा भगदाड वाचवायचं ठरलं.

एखादं काम आपण ठरवलंय हे शेजाऱ्यांना कळलं की ते काम आपलं राहत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खारूला अकरा जणांनी सल्ले दिले, त्यातले नऊ एकमेकांच्या विरुद्ध होते. सेक्रेटरी काका म्हणाले, अर्ज सोसायटीच्या कागदावर कर, वजन पडतं. पहिल्या मजल्यावरच्या दातवाल्या काकू म्हणाल्या, सोसायटीच्या कागदावर अजिबात करू नकोस, त्या कागदावर आजपर्यंत कुठलंही काम झालेलं नाही. या काकू दातांच्या डॉक्टर. कुणाशीही बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या तोंडात असायची, त्यामुळे खारू त्यांच्याशी ओठ मिटून बोलायची. ड्रायव्हिंग स्कूलवाले काका म्हणाले की अर्ज वगैरे ठीक आहे, पण मोजणीच्या दिवशी शिस्त हवी, आणि शिस्तीचं माझ्यावर सोड. हे वाक्य ऐकून खारूला तेव्हा फार बरं वाटलं होतं. पुढे जे झालं ते पाहता, बरं वाटलं की माणसाने थोडं थांबून विचार करावा.

कार्यालयात अर्ज चार नंबरच्या खिडकीत द्यायचा होता. खिडकीतल्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला आणि भिंतीच्या मालकाचं ना-हरकत पत्र मागितलं. खारू सेक्रेटरी काकांकडे गेली. त्यांनी जुनी फाइल काढून दाखवलं की भिंत कार्यालयाची आहे. कारकुनाने त्याहून जुनी फाइल काढून दाखवलं की ती सोसायटीची आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकांनी कानावर हात ठेवले. शाळा पलीकडच्या फाटकापासून सुरू होते, एवढंच त्यांना माहीत होतं. थोडक्यात, भिंत कुणाचीच नव्हती. कुणाच्याच नसलेल्या भिंतीतलं भगदाड तर त्याहून कुणाचं नव्हतं. अर्जात मात्र रकाना होता, आणि रकाना रिकामा ठेवून चालत नाही. शेवटी वकीलबाईने डोकं चालवलं आणि ‘मालक’ या शब्दापुढे लिहिलं: ‘शोध चालू आहे.’ कारकुनाने ते वाचलं, समाधानाने मान हलवली आणि शिक्का मारला. त्या कार्यालयात कसलाही शोध चालू असला की सगळं सुरळीत असतं.

मग फोटो. ‘एक छायाचित्र जोडावे’ हे वाचून खारूने स्वतःचा, दोन वेण्या घातलेला, फोटो जोडला होता. कारकून म्हणाला, तुझा नको, भगदाडाचा. आणि आकार कळायला हवा म्हणून शेजारी कुणीतरी मोठा माणूस उभा कर.

इथे बाबांनी स्वतःहून पुढाकार घेतला. बाबा लिफ्टच्या कंपनीत. दिवसभर लोकांची वर-खाली जाण्याची सोय बघायची, आणि आडवं जायचं झालं की, दूध आणायला कोपऱ्यापर्यंत का असेना, गाडी काढायची. या जीवनक्रमामुळे बाबांचा देह भरदार होता. ते भगदाडात उभे राहिले. शेजारी नव्हे, आतच, कारण त्यांच्या मते त्याने आकार जास्त नेमका कळला असता. कंपासने फोटो काढला. फोटोत बाबा होते, बाबांच्या भोवती विटा होत्या, आणि भगदाड कुठेही नव्हतं. कारकुनाने फोटोवर लाल शाईने लिहिलं: ‘रुंदी अपुरी.’

बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. नंतर गणिताच्या सरांना उभं करून फोटो काढला. सर म्हणजे नुसती उभी रेघ. त्यांच्या शेजारी भगदाड इतकं ऐसपैस दिसलं की कारकुनाने यातून ट्रक जातो का असं विचारलं. कंपासने पट्टीने मोजलेली रुंदी, एक मीटर दहा सेंटिमीटर, समोर ठेवली तेव्हा कुठे अर्ज आत गेला. मोजणी गुरुवारी ठरली.

गुरुवारची सकाळ. खारू पावणेसातला भगदाडाशी हजर. कार्यालयाकडून आल्या होत्या मोजणीदार बाई: घडीची खुर्ची, थर्मास, छत्री, आणि दोन्ही हातांत एकेक टिकटिकं, म्हणजे दाबलं की आकडा एकाने पुढे सरकवणारं यंत्र. डाव्या हातातलं चालणाऱ्यांसाठी, उजव्या हातातलं वाहनांसाठी. खारूने नमस्कार केला. त्यांनी नुसत्या पापण्या मिटल्या. बोललं की आकडा चुकतो, हे त्यांचं बावीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं.

सात वाजता शाळेची मुलं यायला लागली. टिक, टिक, टिक. खारूचा जीव भांड्यात पडला. आणि सव्वासातला कॉलनीकडून आवाज आला. इंजिनांचा.

आता यात कॉलनीचा काय दोष? खारूने दारोदार जाऊन विनंती केली होती की गुरुवारी सकाळी सगळ्यांनी यायचंय, चालणाऱ्यांची संख्या दिसली पाहिजे. लोक शब्दाला जागले. कुणी रजा काढली, कुणी मीटिंग पुढे ढकलली, कुणी पाहुण्यांनाही सोबत आणलं. पण घरापासून भगदाडापर्यंत चारशे मीटर अंतर, आणि चारशे मीटर अंतरावर चालायला जायचं तर या कॉलनीत माणूस गाडीनेच जाणार. बाहेर पडायचं म्हणजे किल्ली घ्यायची, हा हिशेब पायांना इतका पाठ होता की चुकतंय हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. सेक्रेटरी काका गाडीने आले. दातवाल्या काकू गाडीने आल्या. दुसऱ्या मजल्यावरचं नवरा-बायकोचं जोडपं, कामाच्या वेळा वेगळ्या म्हणून, दोन गाड्यांनी आलं. ड्रायव्हिंग स्कूलवाले काका शिट्टी, नारिंगी शंकू आणि ‘शिकाऊ’ लिहिलेल्या दोन गाड्या घेऊन आले, आणि त्यांनी खरंच जिवाचं रान केलं. ‘घ्या, घ्या, अजून घ्या, बस्स’ करत त्यांनी तो अरुंद रस्ता असा काटेकोर भरला की दोन गाड्यांमधून दप्तर पाठीला असलेलं मूल जाऊ शकेना. शाळेची मुलं गाड्यांच्या मागेच अडकली. मोजणीदार बाईंचा डावा अंगठा थांबला आणि उजवा सुरू झाला.

खारू ओरडून सांगत होती. पण लोकांना वाटलं ती उत्साहाने ओरडतेय. त्यांनी हात हलवले. ते गाड्यांतून उतरले, हसत हसत, अगदी पुस्तिकेवरच्या कुटुंबासारखे, भगदाडातून पलीकडे गेले, आणि परत येऊन गाडीत बसून घरी गेले. मोजणीदार बाईंनी नऊ वाजता तोंड उघडलं, तेही नियम सांगायला: जागेपासून पन्नास मीटरच्या आत वाहनातून उतरलेली व्यक्ती पादचारी धरत नाहीत. पादचारी एकोणचाळीस. वाहनं चौऱ्याण्णव.

खारूला वाटलं, यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही. चार दिवसांनी पत्र आलं. ‘सदर ठिकाणी वाहनांची लक्षणीय गर्दी आढळल्याने भिंत अबाधित ठेवून लगतच्या रिकाम्या पट्ट्यावर वाहनतळाची शिफारस करण्यात येत आहे. अर्जदाराच्या जागरूकतेबद्दल आभार.’

पायवाट मागितली आणि पार्किंग मिळालं. तेही तिच्या नावावर. सेक्रेटरी काकांनी पत्र फलकावर लावलं आणि खाली हाताने लिहिलं: ‘आपल्या खारूचे अभिनंदन.’ लिफ्टमध्ये, जिन्यात, गेटवर लोक तिला थांबवून हात हातात घेत होते. एका आजोबांनी तर तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की पंचवीस वर्षं जे कुणाला जमलं नाही ते तू करून दाखवलंस, पोरी. शाळेत वकीलबाई तिला एकदाच ‘पार्किंग’ म्हणाली आणि खारूचा चेहरा पाहून पुन्हा म्हणाली नाही. आईने फ्रिजवरचा अर्ज काढून टेबलावर ठेवला, पेनासकट. भरला मात्र नाही. लेक रडून घेईपर्यंत थांबायचं तिने ठरवलं असावं.

खारू रडली नाही. म्हणजे, रडली, पण भगदाडात बसून, सहा मिनिटांच्या वाटेवर, जिथे कुणी पाहत नव्हतं. रडता रडता सवयीने मोठ्याने बोलायला लागली, आणि बोलता बोलता तिला कळलं की आपण साहेबांना काय सांगायचं याचीच तयारी करतोय.

कार्यालयात साहेबांनी तिला समोरची खुर्ची दिली. ते म्हणाले, फेरमोजणी एकदा मागता येते, पण कारण पटलं पाहिजे. छापील कागदावर कारणासाठी दोन ओळी होत्या. पहिली मोजणी चुकीची का झाली? खारूने पेनाचं टोपण चावलं. शेजाऱ्यांना मूर्ख म्हणावं तर ते खोटं होतं. त्यांनी रजा काढल्या होत्या, पाहुणे आणले होते, एकाने शंकू आणले होते. तिच्यासाठी. सात महिन्यांपूर्वी तर ती त्यांना जिन्यात पाहून भिंतीला चिकटून उभी राहायची. या माणसांनी तिचं एक वाक्य ऐकलं आणि चौऱ्याण्णव गाड्या काढल्या. तिने लिहिलं:

‘माझे शेजारी फार प्रेमळ आहेत.’

साहेबांनी ते वाचलं. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले, आणि त्यांच्या खांद्यांवरून खारूला कळलं की ते हसतायत. त्यांनी सही केली आणि एक गोष्ट सांगितली: “फेरमोजणी न सांगता होते. पुढच्या आठवड्यात, कुठल्याही दिवशी. त्यामुळे एका दिवसाची गर्दी जमवून उपयोग नाही. रोजची सवय दिसली पाहिजे.”

रोजची. म्हणजे पुन्हा त्याच शेजाऱ्यांना सामोरं जायचं. पण आता पळायला कपाट नव्हतं. तिने पुन्हा दारं वाजवली आणि यावेळी सगळं खरं सांगितलं: गाडी कशी मोजली जाते, पार्किंग कसं मिळालं, आणि भगदाड बंद झालं तर तिला शाळा सोडावी लागेल हेही. हे शेवटचं तिने आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं होतं, हा आपला घरगुती प्रश्न आहे.

सेक्रेटरी काका रागावले. “हे आधी नाही का सांगायचं? आम्हाला वाटलं पार्किंगच पाहिजे असेल, कुणाला नको असतं,” असं म्हणून त्यांनी तिच्यासमोर फलकावरून अभिनंदन काढलं, टाचण्यांसकट. दातवाल्या काकूंनी तिला आत बोलावलं. मग खाली बघत, म्हणजे पहिल्यांदाच खारूच्या तोंडात न बघता, त्यांनी कबूल केलं की त्यांचा दवाखाना शाळेच्या अगदी शेजारी आहे. गेली अकरा वर्षं त्या रोज पंचवीस मिनिटं वळसा घालून तिथे जात होत्या. का, तर डॉक्टरने भिंतीच्या भोकातून बाहेर येताना पेशंटने पाहिलं तर काय राहिलं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्या काकांनी पाच मिनिटं विचार करून एवढंच विचारलं की चालताना डाव्या बाजूने ना.

सोमवारी सकाळी चौदा माणसं निघाली, घरातून, पायांनी. जणू पहिल्यांदाच कॉलनी बघत असल्यासारखी. सेक्रेटरी काकांना वाटेत गटाराचं एक फुटलेलं चेंबर दिसलं, ज्याची तक्रार ते स्वतःच तीन वर्षं ‘पाहतो’ म्हणून बाजूला ठेवत होते. मंगळवारी कुणाकुणाच्या टाचा सोलवटल्या, आणि बुधवारी ती माणसं पट्टी लावून आली, पण आली. बुधवारीच दातवाल्या काकू भगदाडातून बाहेर पडताना त्यांचा एक पेशंट आत शिरत होता. दोघांनी एकाच वेळी अंग चोरून एकमेकांना वाट दिली. मग पेशंट म्हणाला, “डॉक्टर, तुम्ही पण?” आणि त्या दिवसापासून काकूंच्या चालण्यात एक वेगळाच तोरा आला. शुक्रवारपर्यंत वाट इतकी गजबजली की खारूला मोठ्याने एकटीने बोलायला जागा उरली नाही. आता बोलायला माणसंच होती. बाबा रोज खिडकीतून बघत होते. खाली येत नव्हते. ‘रुंदी अपुरी’ची जखम अजून बरी झाली नव्हती.

मोजणीदार बाई नक्की कुठल्या दिवशी येऊन गेल्या हे कुणालाच कळलं नाही. सगळे गप्पांत होते. नंतरच्या मंगळवारी साहेब स्वतः आले, सकाळी, चालत. कॉलनीच्या गेटपासून शाळेच्या फाटकापर्यंत खारूबरोबर गेले, मनगटावरच्या घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, “सहा मिनिटं. पुस्तिकेत आम्ही उगाच जास्त छापलं.” पादचारी दोनशे सव्वीस, वाहनं दोन. त्यातली एक कचऱ्याची गाडी. मार्ग मंजूर. फरशी, दिवे, बसायला दोन बाक, आणि चाकाची खुर्चीही जाईल इतकी रुंदी.

खारूने त्यांचे आभार कसे मानायचे याचं वाक्य मनात जुळवलं होतं, चांगलं मोठं. पण ऐन वेळी तिच्या तोंडून फक्त ‘थँक्यू, काका’ निघालं, आणि साहेबांना ते पुरलं असं दिसलं.

मग ते जरा ओशाळून म्हणाले की एक अडचण आहे. मार्ग बांधायचा तर जागा आधी पूर्ण बंद करावी लागते. सुरक्षेचा नियम. पत्रे लावावे लागतील, येत्या सोमवारपासून. काम आठ महिन्यांचं.

म्हणजे भगदाड वाचवलं, आणि वाचवल्यामुळेच ते आठ महिने बंद. खारू जागच्या जागी खाली बसली. साहेबही शेजारी बसले, त्या भावी बाकाच्या जागी, मातीत. मग सेक्रेटरी काका कुठूनसे आले, त्यांना बातमी कळली, आणि ते डोकं खाजवत म्हणाले की तीन किलोमीटर दोनशे मीटर म्हणजे नक्की किती मिनिटं होतात, कुणी मोजलंय का.

रविवारी दुपारी घरात टेबलाभोवती तिघं बसले. मधे नव्या शाळेचा अर्ज. मुदत सोमवारची. आई मऊ आवाजात बोलत होती, आणि आई मऊ आवाजात बोलली की समजायचं, तिलाही नको आहे पण इलाज दिसत नाही. तू जे केलंस त्याचा आम्हाला अभिमान आहे, ती म्हणाली, पण आठ महिने म्हणजे जवळजवळ आख्खं वर्ष. मोठ्या रस्त्याने एकटी मुलगी, सकाळच्या गर्दीत. दुकानात माझा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

खारूने वहीतून एक कागद काढून आईसमोर सरकवला. मंगळवारपासून तो कॉलनीत फिरत होता. वर खारूचं अक्षर: ‘सकाळी सव्वासहा, गेटपासून शाळेपर्यंत, लांबच्या रस्त्याने. वेळ पन्नास मिनिटं. उड्डाणपुलाखाली पदपथाची पट्टी आहे, दोनदा तपासली.’ खाली ज्याच्या त्याच्या हातची नावं. दातवाल्या काकू, कंसात ‘दवाखान्यापर्यंत’. सेक्रेटरी काका, ‘परतीला बसने’. ड्रायव्हिंग स्कूलवाले काका, ‘दोन्ही सिग्नलवर मी उभा राहीन’. शाळेची सात मुलं, त्यांच्या आयांच्या सह्यांनिशी. आईने दुकानात लोक जवळचा नंबर तपासायला वाचतात तसं ते एकेक ओळ वाचलं. अकराव्या ओळीशी ती थांबली. ते अक्षर घरातलं होतं.

तिने मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं. बाबा छताकडे बघत होते. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

“कधी लिहिलंस?” आईने विचारलं.

“शुक्रवारी,” बाबा म्हणाले. “कागद लिफ्टमध्ये फिरत होता. आणि वळशाचा रस्ता चांगला रुंद आहे.”

आईने अर्जाकडे पाहिलं, मग यादीकडे, आणि पेनाचं टोपण लावलं. खारू उभी राहिली. उभं राहायची काही गरज नव्हती, टेबल छोटं होतं, पण अशा गोष्टी बसून सांगता येत नाहीत.

“आई, बाबा, मी शाळा बदलत नाहीये,” ती म्हणाली. “आठ महिने मी लांबच्या रस्त्याने चालत जाणार, या सगळ्यांबरोबर. आणि बाबा, आपल्यासाठी एवढी माणसं गेटवर उभी राहणार, त्यांना थांबवून ठेवणं मला चालणार नाही. तुम्ही उद्या साडेपाचला उठताय.”